थंडोबाने बदललेला कूलर

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. जन्मभर लोकांच्या गाड्या थंड केल्या म्हणून. एरवी स्वारीचं डोकं कायम तापलेलं. आपलं चुकलं, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकले नव्हते. बरं, कामातला हात असा साफ की कुणाला बोलायची सोय नाही.

आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यानेच वाढवलं. धाकट्याला मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड. त्याच्या गाडीला टर्बो बसवला तेव्हा इंटरकूलरचं काम अर्थातच घरच्या माणसाकडे आलं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबलेली हवा तापते, आणि फार तापली तर पिस्टन वितळतो. ती वाटेत गार करायला हा कूलर. थंडोबाने एका मोटारीचा भलामोठा कूलर कापूनजोडून सीटखाली बसवला आणि त्यावर पत्र्याची पेटी ठोकली. शंका आली की मोठा बसवायचा, हा त्याचा दुकानातला खाक्या. रेडिएटरच्या पाण्याला तो चालतोही.

हवेला चालत नाही. एवढं मोठं पोट आधी भरणार, मग हवा इंजिनापर्यंत पोचणार. ॲक्सिलरेटरची मूठ पिळली तरी गाडी क्षणभर ढिम्म, आणि मग एकदम उसळी.

"दादा, जोर उशिरा येतो रे," धाकटा म्हणाला. "कूलर मोठा झालाय का?"

"कूलरला नावं ठेवू नकोस. हात कच्चा आहे तुझा. जरा आधी पिळत जा."

धाकट्याने दादाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. रोज मैदानावर जाऊन तो वळण संपायच्या जरा अलीकडेच मूठ पिळायला शिकला. तिरकी गाडी सरळ होता होता जोर यायचा. पुढे पुढे त्याला विचारही करावा लागेना, हात आपोआप फिरायचा.

थंडोबाला मात्र मनातून कळून चुकलं होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी धाकटा बाहेर गेलेला पाहून त्याने पेटी उघडली. इंजिनाच्या मानाने बेताचा, निम्म्याहून लहान कूलर बसवला, नळ्या आखूड केल्या आणि पेटी होती तशी बंद केली. धाकट्याला चकार शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर आधीचं चुकलं होतं हे ओघानेच आलं असतं. गाडी झकास पळाली की धाकटा खूश होईल, एवढंच त्याच्या डोक्यात. वाईट हेतू नव्हता हो, नुसता ताठा!

शर्यतीत पहिल्याच वळणाला धाकट्याने सवयीने अलीकडेच मूठ पिळली. जोर तत्क्षणी आला. गाडी तिरकी असतानाच मागचं चाक सरकलं आणि गाडीसकट तो कठड्यावर आदळला. कठड्याच्या मागे थंडोबा उभा होता. काय झालं ते तिथे फक्त त्याला कळलं.

धाकटा वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गाडी भंगारात गेली. कूलरची पेटी न उघडताच थंडोबाने गाडी स्वतः तिथे पोचवली. त्यानंतर त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही, आणि गल्लीला वाटलं, भावाच्या दुःखाने माणूस खचला. तेही खोटं नव्हतं.

आता धाकटा दुकानातच बसतो. कुबड्या भिंतीला टेकवून गळक्या नळ्यांना डाख देतो. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, "इतका तयार गडी तू. नेमकं झालं तरी काय होतं?"

"काही नाही हो," धाकटा हसून म्हणाला. "माझाच हात कच्चा. दादा आधीपासून सांगत होता."

थंडोबाने मान वर केली. शब्द अगदी ओठांवर आले. गिऱ्हाईकही त्याच्याकडे बघू लागलं.

"ती नळी आधी नीट पुसून घे," तो म्हणाला.

"हो, दादा," म्हणत धाकट्याने फडकं उचललं.