किल्ली माझ्या खिशात

लोणावळ्यात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, काडेपेटी ओढून ओढून बोटं दुखतात आणि धुतलेली पँट चौथ्या दिवशी नाइलाजाने ओलसरच चढवावी लागते. म्हणून आमच्याकडे जून ते सप्टेंबर एका लोखंडी कपाटात चाळीसचा बल्ब दिवसरात्र जळत असतो. त्या उबेला पापड, काडेपेट्या, रेशनकार्ड आणि माझी प्रमाणपत्रं गुण्यागोविंदाने नांदतात. आईच्या साखर तपासायच्या पट्ट्याही मी तिथेच ठेवल्या आणि कपाटाला कुलूप घातलं.

कुलपाचं कारण सांगतो. आईचा सगळा जन्म औंढ्यात भाताच्या खाचरात गेला. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, पण आठवड्यातून दोनदा चालत शेतावर फेरी मारल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही. घरात साखरेचं मशीन आणलं तेव्हा तिला त्याचं भारी कौतुक. सकाळी टोच, दुपारी टोच, शेजारीण आली की तिच्यासमोर टोच. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण सताड उघडं. लोणावळ्याची हवा आत शिरली, आणि मशीन आकड्याऐवजी भलतंच काहीतरी दाखवायला लागलं. माझं डोकं फिरलं. "आई, हे खेळणं आहे का?" असं मी तिला शेजारणीसमोरच विचारलं. पदराने मशीन पुसून तिने माझ्या हातात दिलं.

मी तळेगावच्या एका शाळेत शिक्षक आहे. गेली अठरा वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच बनवतो. चार मुख्याध्यापक बदलले, पण वेळापत्रक माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. तर आईचंही बनवलं. चौकटीच्या कागदावर, दोन रंगांत. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी, रविवारी दुपारच्या जेवणानंतर बरोबर दोन तासांनी. जेवणानंतरची तपासणी रविवारीच का? तर रविवारी मी घरी असतो म्हणून. यात काही खटकण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या वारी मी कपाट उघडायचो, आईने साबणाने हात धुऊन कोरडे करून समोर बसायचं, मी बोटाच्या कडेला टोचायचो. आकडा वहीत लाल शाईने. एकशे दहा आला की "शाब्बास", दोनशेच्या वर गेला की "काल काय खाल्लंस, खरं सांग."

"तुज्या बापानं बी मला एवढं कदी इचारलं न्हाई," आई म्हणायची. पण बोट पुढे करायची.

मे महिन्याअखेर डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला इन्शुलिन सुरू केलं. इंजेक्शन द्यायला बायको शिकली. रोज सकाळी न्याहारीआधी ती आईच्या पोटावर सुई द्यायची. "आता जास्त वेळा तपासायला हवं ना?" असं तिने एकदा मला विचारलं होतं. मी भिंतीकडे बोट दाखवून म्हणालो, "वेळापत्रक आहे की." औषध बदललं आणि वेळापत्रक मात्र तेच राहिलं. शाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला स्टाफरूममध्ये धारेवर धरलं असतं.

जुलैतला तो गुरुवार. औंढ्याला भातलावणी चालू होती. सकाळी सुई घेऊन, अर्धी भाकरी खाऊन आई डोक्यावर इरलं टाकून बाहेर पडली. जमीन आता चुलतभाऊ कसतो, आईने तिथे नुसतं बांधावर उभं राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा. ती अर्थातच चिखलात उतरली आणि दुपारी जेवायची वेळ टळून गेल्यावर परतली.

अडीचला बायकोचा फोन आला. मी नववीच्या वर्गात होतो. फोन सहसा घेत नाही, पण तो लागोपाठ तीनदा वाजला.

"आई दारात बसल्यात. घामाने निथळतायत, हात थरथरतायत, बोलणं नीट येत नाही. कपाटाची किल्ली कुठे आहे?"

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती.

"मला वाटतं साखर उतरली आहे," बायको म्हणाली. "साखरेचं पाणी देते."

मी म्हणालो, "साखर? डायबेटिस आहे तिला! मोजल्याशिवाय काही देऊ नकोस."

मग बायको म्हणाली, "मोजायचं कशाने? तुमच्या खिशातल्या किल्लीने?" आणि फोन बंद झाला.

पुढची लोकल मिळेपर्यंत आणि ती लोणावळ्याला पोचेपर्यंत मी किल्ली मुठीत धरून होतो. घरी फोन कुणी उचलत नव्हतं. आई गेली असेल तर शेवटचा शब्द माझा असेल, 'देऊ नकोस', हे एवढंच डोक्यात फिरत होतं. मळवलीला गाडी थांबली तेव्हा मला चक्क रडू फुटलं. समोरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, मी ती घेतलीही.

घरात शिरलो तर आई भिंतीला टेकून भात आणि आमटी खात होती. चेहरा पांढराफटक, पण हात स्थिर. बायकोने माझं ऐकलं नव्हतं. आईला गिळता येतंय याची खात्री करून तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली होती आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच. फोन नुसता बाजूला टाकून दिला होता, माझ्याशी बोलायला तिला सवड नव्हती.

"आलास?" आई म्हणाली. "श्याळा सुटली व्हय एवढ्या लवकर?"

मी खाली बसलो. "आई, कापरं भरलं तर आत येऊन का नाही सांगितलंस? दारात का बसून राहिलीस?"

"कापरं काय, त्ये आधी बी दोनदा झालतं. आज गुरवार हाय. माजा वार न्हाई." तिने घास घेतला. "म्हनलं सुक्कीरवारी बगील त्यो."

आधी दोनदा. म्हणजे दोनदा ती अशीच थरथरत बसली होती, आपल्या वाराची वाट बघत. आणि शुक्रवारी सकाळी आकडा चांगला यायचा, मी "शाब्बास" म्हणायचो. माझ्या वहीत एकही काळजीचा आकडा नव्हता, आणि ती वही मी शाळेत सहकाऱ्यांना कौतुकाने दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. वेळापत्रक बरोबर नेलं होतं. त्यांनी ते नीट पाहिलं, आणि हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजतो. आधी त्यांनी इन्शुलिन थोडं कमी केलं. मग म्हणाले, "मास्तर, गोळ्यांवर होत्या तोवर हे चाललं. आता रोज सकाळी सुईच्या आधी मोजायचं. आठवड्यातून दोनतीनदा जेवणानंतर दोन तासांनी, वेगवेगळ्या जेवणांच्या. शेतावर जायच्या दिवशी निघण्याआधी. ताप आला, जेवण गेलं नाही, तर जास्त वेळा. आणि घाम, कापरं, गरगर, अचानक भूक असं काही वाटलं की लगेच, मग वार कुठलाही असो. सत्तरच्या खाली आलं की साखर. मशीन हाताशी नसेल तर मोजायची वाट बघायची नाही, आधी साखर. तुमच्या मिसेसनी केलं ते बरोबर केलं." मग आईकडे वळून, "आजी, शेतावर जाताना पदराला साखरेची पुडी बांधायची."

"आन् ह्यानं कपाटात कोंडलंय त्ये?" आईने विचारलं.

मी कुलपाची आणि बल्बची गोष्ट सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. पट्ट्यांना दमट हवा चालत नाही तशी उष्णताही चालत नाही. त्यांच्या स्वतःच्या डबीत, झाकण घट्ट लावून, कपाटाबाहेर थंड कोरड्या जागी ठेवायच्या, बस्स. हे डबीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं. अठरा वर्षं मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने तो कागद उघडलाही नव्हता.

घरी आल्यावर नवी डबी आणि मशीन आईच्या हातात दिलं. "झाकण लावायला विसरू नको," असं तोंडात आलं होतं, ते गिळलं. तिने दोन्ही वस्तू चंचीत टाकल्या, पानसुपारी सोडल्यापासून ती रिकामीच होती.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी पावसाने शाळेला सुट्टी मिळाली. अकराच्या सुमारास मी वह्या तपासत बसलो होतो. आई स्वयंपाकघरातून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. कपाळावर घाम होता. मी उठायला लागलो तर तिने हातानेच खाली बसवलं.

"पासष्ट हुती. तीन चमचं साखर पान्यातनं पिऊन आले. पंदरा मिंटानं पुन्यांदा टोचनार." मग माझ्या लाल पेनाकडे बघत म्हणाली, "सांगतीय. इचारत न्हाई."

ती खुर्चीवर बसली, चंचीतून डबी काढून मांडीवर ठेवली. झाकण घट्ट लावलेलं होतं. मी लाल पेनाला टोपण लावलं आणि पंधरा मिनिटं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिच्याजवळ बसलो.