गाण्याचं राहिलेलं कडवं

"वारा लागू दे, मग बोल."

आबा रंगाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून किती वेळा यायचं, त्याला सुमार नव्हता. निळीच्या रांजणातून कापड बाहेर येतं तेव्हा ते निळं नसतंच मुळी. हिरवट, पिवळट, कावीळ झाल्यासारखं दिसतं. नवखं गिऱ्हाईक ते बघून कपाळावर हात मारायचं. "अहो, चांगल्या कापडाचं हे काय करून ठेवलंत?" मग आबा कोपरापर्यंत निळे झालेले हात झटकायचे, कापड दोन्ही टोकांना धरून उघडं करायचे आणि सावकाश म्हणायचे, "वारा लागू दे, मग बोल." बघता बघता कापडाच्या कडा काळवंडायच्या, हिरवा रंग आत आत सरकायचा, आणि गिऱ्हाईकाची मान खाली जायच्या आत सगळं कापड निळं होऊन हसायला लागायचं.

पुढं पुढं आबा हे वाक्य कशालाही लावू लागले. समोरच्या शिंप्याच्या पोरीला स्थळ सांगून आलं, वारा लागू दे. नदीवर पूल होणार असं कुणी म्हणालं, वारा लागू दे. शिंपी हा त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. तो म्हणायचा, "मी मेलो तरी हा रडणाऱ्यांना थांबवेल. म्हणेल, वारा लागू दे, उठेल कदाचित."

पण एका गोष्टीला आबांनी कधी वारा लागू दिला नाही. ती म्हणजे बायकोचं गाणं.

बायको वरच्या अंगाच्या, नदीकाठच्या एका रंगाऱ्याचीच लेक होती. लग्न होऊन आली तेव्हा दागदागिन्यांबरोबर एक तोंड बांधलेलं मडकं घेऊन आली. त्यात माहेरच्या रांजणाचं विरजण होतं. दुधाला लागतं तसं निळीलाही विरजण लागतं. त्याशिवाय नीळ पाण्यात नुसती गाळासारखी बसून राहते, जिवंत होत नाही. त्या मडक्यावर आबांचा रांजण उभा राहिला. आणि विरजणासोबत ते गाणं आलं. कापड बुडवलं की ती गायला लागायची, हात पाण्यात, नजर कुठंतरी लांब:

*काळ्या डोही बुडव मला, हात आखड मागे,*
*खाली खाली जाऊ दे रे, तळ जिथे लागे.*
*नको हाक, नको दिवा, नको बघू वाट,*
*डोळ्यांवरून जाऊ दे रे काळी काळी लाट.*

गाणं इथवर आलं की आबा कापड उपसायचे. ती म्हणायची, "अजून आहे पुढं." आबा म्हणायचे, "कापड काय गाणं ऐकतंय? बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी आहेत." ती गाणं तिथंच सोडायची. लेक तेव्हा लहान होती, रांजणाच्या कडेला पाय सोडून बसायची. आईचं ते "अजून आहे पुढं" तिच्या कानात काट्यासारखं रुतून राहिलं. पण पुढं काय, हे तिनंही कधी विचारलं नाही. पोराबाळांना वाटतं, आई काय, उद्याही आहेच.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचं कापड फिकं निघालं. आबांनी चारचौघांत तिच्यावर खापर फोडलं. "हिचं ध्यान गाण्यात. कामात कुठं आहे?" त्याच आठवड्यात तिचे वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, आणि तिनं गाठोडं बांधलं. लेकीला गोवर निघाला होता, म्हणून तिला नेता येईना. उंबऱ्यात आबा म्हणाले, "जातेस तर जा. मी काही आणायला यायचा नाही." तिनं लेकीच्या तापल्या कपाळावर निळा तळवा ठेवला, आणि नावेत बसून गेली ती गेलीच.

ती वाट बघत राहिली की हे न्यायला येतील. हे वाट बघत राहिले की ती येईल. आणि लेक मोठी झाली. ताठपणा काही एकट्या आबांच्या वाटणीला आला नव्हता. दोघांचा मिळून तिच्यात उतरला होता. एकदा ती नावेच्या धक्क्यापर्यंत गेली, दोर सोडेपर्यंत उभी राहिली, आणि परत आली. जिनं टाकलं तिनं यावं, असं तिनं मनाशी म्हटलं. लग्नाचं कुणी काढलं की आबांचंच वाक्य आबांच्या तोंडावर फेकायची: "वारा लागू दे."

रंगशाळेत गाणं बंद झालं. कापड बुडवल्यावर आबा मनातल्या मनात आकडे मोजायचे, ओठ हलवत. पण संध्याकाळी शिंप्याच्या ओट्यावर बसले की फिरून फिरून गाडी त्या गाण्यावर यायची. एकच कडवं, पण आबांनी ते पार उसवून टाकलं होतं.

"नको हाक, असं म्हणते. म्हणजे मला हाक मारू नका, हेच ना?"

शिंपी दोरा दातानं तोडत म्हणायचा, "मला तर ते कुणा दुसऱ्यासाठी वाटतं. 'बुडव मला' असं नवऱ्याला कोण म्हणतं? नवऱ्यानं तर आधीच बुडवलेलं असतं."

शाळेतले मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, "आबा, हे गाणं मरणाचं आहे. ज्याला जगायचं नाही त्याचे हे शब्द. वहिनींच्या मनात तेव्हापासूनच काहीतरी होतं."

ते ऐकून आबांचा चेहरा उतरायचा, आणि गंमत बघा, थोडा सुटल्यासारखाही व्हायचा. तिच्या मनात आधीपासूनच होतं म्हटल्यावर उंबऱ्यातल्या त्या वाक्याचा भार हलका होत होता. "तिनं सांगूनच ठेवलं होतं," ते उठता उठता म्हणायचे. "वाट बघू नको म्हणाली. मग मी कसा जाणार?" लेक दारात बसून हे ऐकायची. तिनं त्या गाण्याचा आपला वेगळा अर्थ लावला होता, आणि तो कुणाला सांगितला नव्हता. हात आखड मागे. आईनं आपल्यावरचा हात आखडून घेतला, तो असा.

असं चाललेलं असताना, एका दुपारी, एक ठेंगणी, ठसठशीत बाई रंगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. काखेत रिकामं मडकं. तिचेही हात कोपरापर्यंत निळे.

"ज्यांना दाजी म्हणायचं, ते तुम्हीच का?" तिनं आबांना खालून वर न्याहाळलं. "ताई म्हणाली होती, दिसायला उंच आहेत आणि मान खाली घालत नाहीत. बरोबर."

लेकीच्या हातातली काठी रांजणातच थांबली. "कोण ताई?"

"अगं बाई, म्हणजे ही ती गोवरवाली!" पाहुणीनं मडकं खाली ठेवलं. "तुझी आई, पोरी. मी तिच्या हाताखाली कामाला आहे. आमचा रांजण मेला. हिवाळ्यात ताई आजारी पडली, मी तिच्या उशाशी, चार दिवस कुणी ढवळलं नाही, आणि गेला. किती चुना घाला, किती कोंडा घाला, उठेना. ताई म्हणाली, आपल्या रांजणाचंच विरजण खाली त्यांच्याकडं जिवंत असेल. तो माणूस माझं ऐकणार नाही, पण रांजण मरू देणार नाही. जा, मागून आण."

आबा खुंटीवरचं फडकं घेऊन कोरडेच हात पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "बरी आहे का आता?"

"उठून बसते. ढवळायला हात पुरत नाही अजून." मग आवाज चढवून, "मडकं भरून द्या म्हटलं की देणार का नुसती विचारपूस?"

"विरजण सकाळी काढतात," आबा म्हणाले. "नीळ उठलेली असते तेव्हा. राहा आज."

आता ही बाई बसून राहणाऱ्यातली नव्हती. लेक कापड बुडवायला लागली तशी तिनं पदर खोचला, दुसरं टोक धरलं, आणि कापड पाण्याखाली जाताच खणखणीत आवाजात गायला लागली. *काळ्या डोही बुडव मला...*

इतक्या वर्षांनी ते शब्द त्या छपराखाली घुमत होते. आबा भिंतीला टेकून उभे होते. ते पुढं आले. काळी काळी लाट आली, आणि सवयीनं त्यांचा हात पाण्यात गेला, कापड उपसायला.

फटकन पाहुणीनं त्या हातावर चापट मारली. "अहो! गाणं कुठं संपलंय?"

"कापड निघायची वेळ झाली."

"तुमच्या घड्याळात झाली असेल. म्हणूनच ही खुंटीवरची निळाई अशी उपाशी दिसते. हे गाणं कशाला आहे मग? कापड किती वेळ आत ठेवायचं त्याचं हे माप आहे, दाजी. सगळं म्हणायचं, शेवटच्या शब्दाला वर काढायचं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." आणि मान डोलावत ती पुढं गाऊ लागली, जे त्या घरात कधी कुणी गायलं नव्हतं:

*आता ओढ वर मला, पिळू नको फार,*
*हिरवी दिसले म्हणून रे लावू नको दार.*
*वाऱ्यावर धर मला दोन्ही हातांनी,*
*निळी होते की नाही बघ तुझ्या डोळ्यांनी.*

"हं, आता काढा," ती म्हणाली.

कापड कुणी काढलं ते लेकीला कळलं नाही. तिचं लक्ष आबांकडं होतं. ते रांजणाच्या काठाशी खाली बसले होते, आणि निळं पाणी कोपरांवरून धोतरावर ठिबकत होतं.

"म्हणजे हे... कापड बोलतंय?" आबांनी विचारलं.

"मग कोण बोलणार? रांजणात कापडच असतं."

"मला वाटलं, ती सांगत होती. हाक मारू नको. वाट बघू नको."

पाहुणी आधी हसली. मग त्यांच्या तोंडाकडं बघून तिचं हसू विरलं. "दाजी, तिला तोंड होतं की. सांगायचं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. तुम्हालाही होतं. जे माणसाला विचारायचं ते तुम्ही गाण्याला विचारत बसलात."

"तिनं मला अर्धंच ऐकवलं."

"आबा," लेक म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "ती म्हणायची. अजून आहे पुढं, असं रोज म्हणायची. तुम्ही उपसायचात. आणि मी इथंच बसलेली असायचे. मीही नाही विचारलं."

दोरीवर टाकलेलं कापड हिरव्याचं निळं होत होतं, आणि ती निळाई अशी गडद चढली, की त्या छपराखाली तशी कधी चढली नव्हती. आबा मान वर करून ती बघत राहिले. मान खाली घालत नाहीत म्हणे, पण तिथंच बसून त्यांनी ती घातली.

सकाळी आबांनी स्वतः विरजण काढलं. वरचा तांबूस फेस हलकेच बाजूला सारून, मडकं पाण्याखाली धरून, काठोकाठ. विरजणाला वारा लागून चालत नाही. कापडाला वारा हवा, विरजणाला नको, असं या धंद्याचं उलटं शास्त्र आहे. मडक्याचं तोंड मेणकापडानं बांधलं. भोवती गोधडी गुंडाळली, ऊब राहावी म्हणून. पाहुणीनं हात पुढं केला, तर आबांनी मडकं दिलं नाही.

"वाटेत कोंडा कधी घालायचा, ऊब किती ठेवायची, तुला कळेल का?"

"न कळायला काय झालं? मी काय काल जन्मले?"

"मला जास्त कळतं," आबा म्हणाले, आणि पायात वहाणा सरकवल्या.

पाहुणीनं लेकीकडं बघून एक डोळा बारीक केला. "नावेनं जाऊ या मग."

"नावेत हिंदकळेल. काठाकाठानं चालू."

लेकीनं कोनाड्यातला आईचा कंगवा उगाच हातात घेतला, परत ठेवला. तिलाही जायचं होतं. एवढं जायचं होतं, की पायांची बोटं जमिनीत रुतत होती. पण इतकं विरजण काढल्यावर इथला रांजणही अर्धमेला होतो. सकाळ-संध्याकाळ ढवळावा लागतो, भरवावा लागतो, आजाऱ्यासारखं उशाशी बसावं लागतं. कुणीतरी मागं राहायलाच हवं होतं. तसं कुणी कुणाला सांगितलं नाही. रंगाऱ्याच्या घरात ते सांगावं लागत नाही.

"काय सांगू तिला?" आबांनी उंबऱ्यात विचारलं. तोच उंबरा.

लेकीनं मडक्यावरची गोधडी सारखी केली. "सांगा, रांजण सावरला की मी येते. आणि तुम्ही..." ती थांबली. "तुम्ही गेल्या गेल्या काही समजावायला लागू नका. आधी विचारा."

"काय विचारू?"

"ते तुम्हीच शोधा वाटेत. वाट लांब आहे."

समोर शिंपी दुकानाच्या पायरीवर आला होता, गळ्यात टेप. "काय रे, निघालास? आणायला की द्यायला?"

आबांनी मडकं खांद्यावर नीट बसवलं. त्यांचं ठरलेलं वाक्य ओठांवर आलं असावं, कारण तोंड उघडलं होतं. पण ते मिटून नुसते हसले आणि चालू लागले.

पाहुणी पुढं, हातवारे करत, बोलत. आबा मागं, पाणी डचमळू नये म्हणून एक एक पाऊल मोजून टाकत. घाटाच्या उतारावर त्यांचा आवाज आला. गात होते, बेसूर, जुन्या सवयीनं पहिल्या कडव्यापासून. रांजणात जीव किती उरलाय ते बघायला लेकीनं नुकतंच एक कापड बुडवून काढलं होतं. ते दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरून ती अंगणाच्या कडेला आली आणि कान देऊन उभी राहिली. काळी काळी लाट आली. आबा तिथं थांबले; मडक्याला हात लावून बघितला, सारखं केलं. मग वळणापलीकडून, वाऱ्यानं अर्धं तोडलेलं, पुढचं कडवं ऐकू आलं.

समोरच्या पायरीवर शिंपी कधीचा उभा होता. "गेला ना?" त्यानं विचारलं.

लेकीनं मान हलवली. कापडाच्या कडा निळ्या झाल्या होत्या, मधला भाग अजून हिरवा होता. ती ते धरून तशीच बघत राहिली.