कोंडीराम आणि पलीकडची खाट

कोंडीरामला मी फार कमी ओळखत होतो. कासारसाईत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तरी त्याला गोड काय आवडायचं हेसुद्धा मला सांगता येणार नाही. तो गेल्यावर त्याची मुलगी शुभांगी म्हणाली, "पंतकाका, आबांवर चार ओळी लिहा." मला खात्रीने माहीत आहे ते एवढंच, की त्याचा कुणावर विश्वास नव्हता.

तो धरणाच्या कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं, हे बघणं त्याचं काम. पाणी कमी झालं की म्हणायचा, "वर कुनीतरी पाटाचं दार उचललंय." बहुतेक वेळा उचललेलं असायचंच.

मागच्या वर्षी त्याचे पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पिवळ्या भागात, प्लाझ्मात, नसांना इजा करणारं काहीतरी आहे. यंत्राने तो भाग काढून बदलावा लागेल, पाच वेळा. नाहीतर उठणं कठीण. शुभांगीची नोकरी, म्हणून दवाखान्यात सोबतीला मी जायचो.

यंत्र सांभाळणारी गौतमी जांबे गावची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "आबा, रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध मिसळतं. त्याने ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. मी वेग कमी करीन."

कोंडीरामने त्यातलं शेवटचंच ऐकलं असावं. पलीकडच्या खाटेवर भूगावच्या बंगल्यातले एक साहेब होते. त्यांच्या यंत्रावरचा वेगाचा आकडा मोठा होता.

"पंत, बगा. त्याला ऐंशी, मला पन्नास."

"त्यांची शीर जाड असेल रे."

"शीर न्हाई, खिसा जाड हाय. पोरगी माजं तिकडं वळवतीया."

"अरे, दोन वेगळी यंत्रं आहेत ही."

"पाटबी दोन असत्यात. वर धरन एकच."

गौतमीने ऐकलंच. "आबा, साहेबांचं रक्त तुमच्यात आलं तर उद्या इंग्रजी बोलायला लागाल!" साहेब हसले. कोंडीराम हसला नाही.

तिसऱ्या खेपेला तो सारखी ओठांवरून जीभ फिरवू लागला. गौतमी दोनदा विचारून गेली, "मुंग्या येतात?"

"न्हाई."

तिची पाठ वळताच तो मला म्हणाला, "ओठ बधिर झाल्यात. बोलू नगा. आत्ता कुटं साठावर गेलंय. सांगितलं की दार पाडंल ती."

त्याने मला विश्वासाने सांगितलेली ही बहुधा एकच गोष्ट. मी गप्प बसलो. पण मग चादरीवरची त्याची बोटं वाकडी व्हायला लागली. मी उठलो. "ताई, त्याला मुंग्या येताहेत. मघापासून."

ती धावत आली. वेग उतरवला, शिरेतून कॅल्शियम दिलं. हळूहळू बोटं सरळ झाली. आकडा चाळीसवर होता. कोंडीराम छताकडे बघत म्हणाला, "सायबानं काय दिलं तुमाला?"

पुढच्या दोन्ही खेपांना तो माझ्याशी बोलला नाही. मुंग्या आल्या की मात्र स्वतःच गौतमीला हाक मारायचा. "सांगतोय बाई. न्हाईतर ह्यो सांगंल."

पाय सुधारले. काठी घेऊन अंगणात फिरू लागला. दिवाळीनंतर एके रात्री तो झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी चालत माझ्या दारापर्यंत आला होता.

"पंत, नळाला पानी हाय का?"

"आहे."

"जोरात?"

"नाही रे, बारीकच."

"माज्याकडंबी बारीकच. मग ऱ्हाऊ द्या."