दाजींचा प्लेनोवाला दोस्त

आमच्या दाजींचं शरीर नेपरव्हिलमध्ये राहत असे. ते स्वतः मात्र कायम अंतराळात असत. माझ्या ताईचा हा नवरा मूळचा सोलापूरचा, रोज ट्रेनने शिकागोला नोकरीला जाणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा इंजिनीअर. पण अंतराळातल्या लढाईच्या एका जुन्या कॉम्प्युटर गेमने त्यांना झपाटलं ते कायमचं. तळघरात त्यांनी भंगारातल्या गाडीची सीट बोल्टने पक्की बसवली होती आणि खेळताना तिचा पट्टाही ते लावत. बाजारात चकचकीत नवे गेम आले, दाजींनी ढुंकून पाहिलं नाही. नव्या कॉम्प्युटरवर त्यांचा गेम इतका सुसाट पळे की शत्रू दिसायच्या आत दाजी मेलेले असत, म्हणून एक संथ, म्हातारा कॉम्प्युटर त्यांनी जिवापाड सांभाळला होता. बर्फात ड्राइव्ह करतानाही ते ताईला म्हणत, "मागे कोण आहे बघ, आपल्यावर नेम धरतोय." ताई म्हणे, "अहो, बर्फ काढणारा ट्रक आहे तो!"

मी तेव्हा तिकडे शिकत होतो आणि रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात असे. सकाळी बुद्धवंदना, मग जेवण, आणि दोनच्या ठोक्याला दाजी तळघरात. कारण दोन वाजता टेक्सासमधल्या प्लेनोहून त्यांच्या दोस्ताचा फोन यायचा. फोन म्हणजे बोलणं नव्हे. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरना जोडलेले मोडेम फोनच्या तारेवरून एकमेकांना शीळ घालत आणि दोघांची विमानं एकाच आकाशात येत. दोस्त म्हणजे एक रिटायर्ड अमेरिकन म्हातारा, गेमच्या चाहत्यांच्या मेलिंग लिस्टवर ओळख झालेला. चार वर्षं दोघांनी दर रविवारी एकमेकांना ठार मारलं होतं, पण भेट एकदाही नाही. "माणूस सज्जन आहे," दाजी कौतुकाने सांगत, "पाठीमागून कधी गोळी घालत नाही."

एका जानेवारीत त्या लिस्टवर बातमी आली, म्हातारा गेला. दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. रविवारी दोनला ते नुसतेच जाऊन सीटवर बसले. मी जिन्यावर उभा होतो. आणि फोन वाजला. मोडेमने शीळ घातली. काळ्या आकाशातला एक ठिपका मोठा होत गेला आणि त्याच्याखाली म्हाताऱ्याचं नाव उमटलं. विमान समोरून आलं, एकही गोळी न झाडता बाजूने गेलं आणि तसंच सरळ जात राहिलं. दाजींनी टाइप केलं, कोण आहे? उत्तर नाही. मग त्यांनी आपलं विमान वळवून त्याच्या शेजारी नेलं. तासभर दोघं शेजारी शेजारी उडत राहिले, मग कनेक्शन तुटलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ताईचा धीर सुटला. "अहो, ती लाइन काढून टाका ना!" दाजी म्हणाले, "आलेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावू?"

मार्चमध्ये मात्र त्यांनाच राहवेना. लिस्टवरून पत्ता मिळवून त्यांनी आम्हा दोघांना गाडीत घातलं आणि दोन दिवस ड्राइव्ह करून आम्ही प्लेनोला पोचलो. दार म्हाताऱ्याच्या बायकोने उघडलं. दाजींनी अडखळत सगळं सांगितलं, तशी ती लाजली. "ते मीच. मला खेळता येत नाही हो. कोणती बटणं दाबायची ते त्याने कागदावर लिहून चिकटवलंय, तेवढी दाबते. रविवारी घरात तो गेमचा आवाज नसला की मला भांडी घासायला उभं राहवत नाही."

"म्हणजे तुम्ही समोर बसत नाही?"

"नाही. मी स्वयंपाकघरात असते."

"मग खुर्चीवर?"

"कोणी नाही."

दोन महिने दाजी एका रिकाम्या खुर्चीला सोबत करत होते.

"आता आलाच आहात, तर बसता थोडा वेळ?" तिने विचारलं. दाजी त्या खुर्चीत बसले, आधी अवघडून, मग सवयीने. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत गोळ्या सुटल्या, इंजिनाचा सूर चढला, उतरला, पुन्हा चढला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग तिने हाक मारली, अगदी रोजच्यासारखी, नाव घेऊन, आणि ते नाव दाजींचं नव्हतं. "कॉफी गार होतेय!"

ताईने माझा हात घट्ट धरला. दाजींनी मान न वळवता, हळूच उत्तर दिलं, "आलो."