डेअरीतलं जादा पायथन

"आवं, सकाळपासनं पावती न्हाई. मशीनवर फॅट दिसतंय, कागद येत न्हाई. सांजच्याला बी आसंच झालं तर तुमचं सॉफ्टवेअर काढून टाकतो. सगळंच त्या पुण्याच्या कंपनीचं घेतो."

आष्ट्याजवळच्या एका दूध संस्थेचे चेअरमन, अण्णा, फोनवर ओरडत होते. मी सांगलीत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बसलो होतो. ते काम टाकून निघालो.

या संस्थेचा दूध संकलनाचा प्रोग्रॅम माझा. मशीन दुधातली फॅट मोजतं, प्रोग्रॅम तो आकडा वाचतो, दर लावतो आणि पावती छापतो. पावती नाही मिळाली की लोक कॅन घेऊन थेट समोरच्या खासगी डेअरीत जातात.

कॉम्प्युटर उघडला तर प्रोग्रॅम सुरूच होईना. त्याच्याखालचं पायथनच गायब. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिची सारखी नवी व्हर्जन निघतात, आणि जुन्यावर लिहिलेलं नव्यावर चालेलच असं नाही. माझा प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनवर आहे, कारण फॅट मशीनशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नव्यावर चालत नाही.

"पायथन कुणी काढलं?"

"मी," सेक्रेटरी म्हणाले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, लपवाछपवी नाही. "पुण्याच्या कंपनीनं मोबाईलवर मेसेज पाठवायचा प्रोग्रॅम बसवला. बघतो तर कॉम्प्युटरातल्या प्रोग्रॅमच्या यादीत दोन पायथन. एक जुनं, एक नवं. जुनं काढलं. फौजेत जादा सामान ठेवत न्हाईत."

"आवं सुभेदार, ते जादा न्हवतं. माझं हुतं!"

"नाव कुठं लिवलं हुतं त्याच्यावर?"

पुण्याला फोन लावला. तिथला मॅनेजर अगदी थंड. "सर, आमचं व्यवस्थित चालतंय. तुमचं व्हर्जन आउटडेटेड आहे. लेटेस्टवर या ना."

"फॅट मशीन लेटेस्ट घेऊन देता का?"

त्याला तेवढ्यात मीटिंग आठवली.

मी अण्णांना सांगितलं, जुनं पायथन परत टाकतो आणि दोन्ही प्रोग्रॅमना वेगवेगळी एन्व्हायर्न्मेंट करतो. म्हणजे ज्याच्या लायब्ररी त्याच्या फोल्डरात. एकानं काही बदललं तरी दुसऱ्याला धक्का नाही.

"म्हंजे चुली वेगळ्या," अण्णा म्हणाले.

"व्हय."

"एका घरात? बरं दिसतं का ते?"

माझं डोकं फिरलं. "हेच मी कोटेशनात लिहिलं हुतं, अण्णा. वेगळी ओळ हुती. तुमी पेनानं काट मारली. म्हणालात, एका कॉम्प्युटरात दोन-दोन कशाला."

"तवा तुमी नीट सांगितलं न्हाई."

"लय येळ सांगितलं! तुमी च्या पीत हुता."

"मग आता करा की. ऱ्हायलेलं काम म्हणून."

"करतो. पण माझी अट हाय. पुण्यानं ह्या कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी मला फोन. आणि सुभेदारांनी यादीतलं काय बी काढायचं न्हाई."

"फोनचं कबूल," अण्णा म्हणाले. "सुभेदारांचं तुमीच सांगा त्यास्नी."

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

बाहेर कॅनची रांग लागायच्या आत जुनं व्हर्जन बसवलं, दोन्ही एन्व्हायर्न्मेंट तयार केली, लायब्ररी आपापल्या जागी घातल्या. पहिल्या बाईंनी दूध ओतलं. पावती आली. पाठोपाठ त्यांचा मोबाईल वाजला, पुण्याचा मेसेज. अण्णांनी तो मोबाईल वर धरून सगळ्या रांगेला दाखवला. "बघा, पुण्याचं काम कसं आसतं." पावती बाईंनी न बघताच पदराला बांधली.

माझं सॉफ्टवेअर तिथे टिकलं. पण आता कुणालाही प्रोग्रॅम देताना त्याचं पायथन मी प्रोग्रॅमच्याच फोल्डरात कोंबून देतो. विंडोजच्या यादीत ते दिसत नाही, त्यामुळे तिथून कुणाला काढता येत नाही. आणि कोटेशनात त्याची ओळ लिहीत नाही. ओळ दिसली की गिऱ्हाइकाचा हात पेनाकडे जातो.