फ्रीजमधला चिखल आणि पोळ्याचे पाच बैल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, या पोट्टीचं अन् दुधाचं सारखंच, जरा नजर हटली की उतू. पण त्या पोळ्याला मी तिच्यावर जी ओरडले, त्याची लाज मला अजून वाटते.

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेलीबांधा तलावाच्या पलीकडे रोज नवा रस्ता निघून राहिला होता. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी काळतोंड्या वानरांवर संशोधन करते एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यानंच तिचं डोकं फिरायचं. गच्चीवर वाळत घातलेल्या तिच्या वड्या दरवर्षी हीच वानरं पळवायची. त्यांचं कौतुक करायला पोरीला शिकवलं का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

खरं तर मी वानरांमागे नव्हते, त्यांच्या जुन्या घरामागे होते. हजारो वर्षांपूर्वी जग थंडावलं, इकडचा पाऊस आटला, जंगल मागे सरकलं. मग झाडावर राहणारं, पाला खाणारं जनावर गेलं कुठे? याचं उत्तर तलावाच्या तळाशी असतं. चिखल थरावर थर बसत जातो आणि त्या-त्या काळचे परागकण त्यात अडकतात. गवताचे जास्त निघाले तर कोरडा काळ, झाडांचे निघाले तर जंगल.

शहराबाहेरच्या एका जुन्या तलावातून आम्ही उन्हाळ्यात असे पाच थर काढले होते. मूठ-मूठभर चिखलाच्या पाच पिशव्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. त्यानंतर तो तलाव मशिनी लावून खोल केला गेला. त्याचा जुना तळ आता फक्त माझ्या पिशव्यांत उरला होता आणि माझं सगळं संशोधन त्यावर उभं होतं. पोळ्याच्या आठवड्यात कॉलेजचा फ्रीज बिघडला, म्हणून मी पिशव्या घरी आणल्या, आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दोन दिवस कामाला बाहेरगावी गेले. आईला सांगायचं राहून गेलं.

आईचं माहेर वर्धेकडचं, तिकडे लाकडाचे बैल. रायपूरला आल्यावर ती इथल्यासारखे मातीचे, चाकांचे नांदिया बैल करायला शिकली. बाजारातून कधी आणले नाहीत, घराजवळच्या तलावाची माती आणून स्वतःच करायची. त्या वर्षी त्या तलावाला कुंपण पडलं होतं, माती मिळेना. आठ दिवस ती तेच बोलत होती आणि मी नुसतं हूं हूं करत होते.

पोळ्याच्या सकाळी मी परतले, तर पाटावर पाच काळेभोर बैल उभे. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली माझी चिठ्ठी, एक ते पाच.

मी काय-काय बोलले ते लिहवत नाही. अक्कल गहाण टाकली का, इथवर गेले. आई नेहमी तोंडाला तोंड देणारी बाई, पण तिनं पदराला हात पुसले आणि हळूच म्हणाली, "मले वाटलं, तू माह्यासाठी आणली."

आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं आपल्या सणाची आठवण ठेवली, या आनंदात तिनं ते बैल केले होते.

मी माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, आईंना विचार, थर एकमेकांत मिसळले का? पाणी कुठलं घेतलं? मातीत काय घातलं? ज्या तोंडानं ओरडले त्याच तोंडानं विचारावं लागलं. आईनं सगळं नीट सांगितलं. एक पिशवी, एक बैल. तू नंबर टाकले म्हणजे काही क्रम असन, म्हणून दर वेळी हात धुतले, पाटही धुतला. पाणी प्यायचं, उकळून गार केलेलं. माती लोण्यासारखी होती, म्हणून भेगा पडू नयेत म्हणून घालतात तो कापूस घातला नाही. आणि बैल वाळवले बंद खोलीत, कारण गच्चीवर तुझी वानरं.

सर म्हणाले, थर मिसळले नाहीत, बाहेरचे परागकणही पडले नाहीत; तेच पाणी तपासून घेऊ, पण काम होईल. फक्त बैल फोडावे लागतील. आई म्हणाली, आधी पूजा. संध्याकाळी ओवाळलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला. दुसऱ्या सकाळी तिनं स्वतः पाच कोऱ्या कागदांवर पाच बैल फोडले आणि पुड्या बांधून माझ्या हातात दिल्या.

चौथा बैल सगळ्यात कोरडा निघाला. गवतच गवत. पण त्यातही अर्जुनाचे आणि जांभळाचे थोडे कण होते, नाल्याकाठच्या झाडांचे. जंगल गेलं तरी पाण्याच्या कडेनं हिरवी रेघ टिकली होती, आणि वानरांचे पूर्वज जगले असतील तर बहुतेक तिच्याच आधारानं. मी हे आईला स्वयंपाकघरात सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्याशा जागेत दिवस काढले बिचाऱ्यांनी." वड्यांची राखण मात्र तिनं सोडली नाही.

पुढच्या पोळ्याआधी महानदीकडच्या एका गावातून मी मातीची मोठी पिशवी आणली आणि फ्रीजमध्ये ठेवली. आईनं फ्रीज उघडला, पिशवी पाहिली आणि हात न लावता दार लावून टाकलं. मी पाहत होते. मग तिनं मला विचारलं, "हे कोणाच्या कामाचं आहे?"

"तुझ्या. तुझ्यासाठीच आणली."

तिनं दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, चिठ्ठी लाव, उगाच घोटाळा नको. मी चिठ्ठीवर 'आईसाठी' लिहिलं. त्या वर्षी पाच बैलांतल्या पहिल्याच्या गळ्यात तीच चिठ्ठी होती. तो बैल तिनं कोणाला फोडू दिला नाही, विसर्जनालाही दिला नाही.