मापाबरहुकूम शिवलेली चोळी

भूतबाधा, करणी वगैरे कोणी बोलायला लागलं की मी वाद घालून त्याला गप्प करायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय... पण घडलं ते असं.

१९८६-८७चा सुमार. मी मूळची साताऱ्याची. मिस्टरांची नोकरी तारापूर एमआयडीसीत, म्हणून आम्ही सरावलीच्या चाळीत राहायचो. इंग्रज अमदानीत साध्या घरातल्या बायका रोज काय नेसायच्या, हा माझा पीएचडीचा विषय. श्रीमंतांचे फोटो तरी मिळतात, गरिबांचे कुठून मिळणार? मग मी चोरीच्या जुन्या फिर्यादी वाचायचे — ‘दोरीवरचे लुगडे गेले, चोळी गेली’. पण चोळी बेतलेली कशी, ते कागदावरून कळेना.

शेजारची कुसुम म्हणाली, "वहिनी, माज्या माहेरी माकुणसारला तसली एक चोळी हाय."

तिच्या आत्याने ती ट्रंकेतून काढली खरी, पण मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मापं घ्या नि जा. अंगाला लावू नका, बाय. आमच्या आजीच्या सवतीची हाय. तिनं जित्तेपणी कोणाला काय दिलं नाय."

मी नाही लावली. मापं घेतली, आकृती काढली आणि परतले. बोईसरच्या बाजारातून कोरं मांजरपाट आणलं आणि त्या मापांनी नवी चोळी शिवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाही कशी बसते ते बघायला ती घातली. पुढे गाठ मारली... आणि गाठ आवळायला लागली. माझे हात बाजूला होते! श्वास कोंडला. कानाशी कोणीतरी दात खाऊन म्हणालं, "काढ. माजी हाय." गाठीला हात घातला तर बोटांवर ओरखडे उठले. मला ओरडताही येईना.

दार ढकलून कुसुम धावत आली. शिवणाच्या कात्रीने तिने चोळी कापली. गाठ तुटेपर्यंत आवळतच होती, हे तिनेही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, कोऱ्या कापडाची ॲलर्जी. असेल. पण छातीवर नखं ओढल्याचे वळ होते, आणि माझी नखं तर शिवणकामामुळे मुळापासून कापलेली.

चोळी आम्ही जाळली. कापड माझं, शिवण माझी. त्या बाईचं त्यात मापाखेरीज काय होतं?

कुसुम त्यानंतर आमच्याकडे यायची बंद झाली. शेवटी मीच तिला गाठलं.

"अगं, माझा आवाजच फुटत नव्हता. तुला कळलं कसं?"

ती आवाज खाली आणून म्हणाली, "दोन बायका भांडत व्हत्या, वहिनी. भिंतीपलीकडून साफ ऐकू येत व्हतं. एक म्हणे, काढ, माजी हाय."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या तुमी व्हता. आमच्या बोलीत बोलत व्हता — सवती, तुला जाळली तवा मीच घेतली व्हती, आता नाय देत."